कोड मागणारी बाई

सीवूड्सच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर मीना टिपणीस यांचा शब्द चालायचा, आणि तो चालतो याचं त्यांना मनातून फार बरं वाटायचं. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढलेली बाई. त्यातली पहिली पंधरा एकशे सत्त्याण्णववर, म्हणजे लोकांनी फोन करून नाव सांगायचं आणि ह्यांनी त्याचा नंबर शोधून द्यायचा. निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी यजमान गेले. मुलगा पार्थ हैदराबादला कायमचा राहिला. तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मीनाताई आणि त्यांचा खणखणीत आवाज एवढंच उरलं. त्या आवाजाला कट्ट्याने काम दिलं.

झालं असं, की कट्ट्याचे अध्यक्ष नंदकिशोर गुप्ते यांना कोणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून फोन केला, गोड बोलून मोबाइलवर आलेला कोड विचारून घेतला आणि त्यांची ठेव मोडून पसार झाला. गुप्तेकाका महिनाभर कट्ट्याकडे फिरकले नाहीत. आले तेव्हाही बाकाच्या टोकाला बसून राहायचे, कोणी काही विचारलं की चष्मा पुसायचे. ते बघून मीनाताईंचं डोकं फिरलं. त्यांनी दर बुधवारी पाच वाजता बागेतल्या पत्र्याच्या शेडखाली वर्ग सुरू केला. चोर घाई करतो, चोर काकुळतीला येतो, आणि कोड मागणारा माणूस चोरच असतो, हे त्यांनी सगळ्यांकडून शाळेतल्या पाढ्यांसारखं घोकून घेतलं. संशयास्पद फोन आला तर लोकांनी लगेच विचारावं म्हणून जुलैत एक नवं सिम घेतलं, आपल्याच फोनमध्ये दुसरं म्हणून घातलं आणि तो नंबर आपल्या नावासकट आजूबाजूच्या सोसायट्यांच्या फलकांवर लावून दिला.

त्या नव्या नंबरवर पहिल्या आठवड्यापासूनच भलते फोन यायला लागले.

"पंढरीदादा, सांच्याला बरफ किती टाकू?"

"राँग नंबर."

"पंढरी तांडेल हाय ना?"

"नाही. राँग नंबर सांगितलं ना एकदा!"

कधी होडीच्या इंजिनाचं काम करणारा, कधी कोणा मंडळाचा वर्गणीवाला. पाच-सहा वेळा तरी हे झालं. मीनाताई दर वेळी फोन आपटल्यासारखा ठेवायच्या आणि विसरून जायच्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्याच नंबरवर कोड यायला लागले. त्यांनी स्वतः काहीच उघडलं नव्हतं, कुठे काही भरलं नव्हतं, तरी सहा आकडे येऊन पडायचे. गुरुवारी तीन, शुक्रवारी पाच. प्रत्येकाच्या शेवटी तेच: हा कोड कोणालाही सांगू नका. मीनाताईंनी त्याचे फोटो काढून ठेवले. बुधवारी वर्गात दाखवायला आयतं साहित्य मिळालं, असं त्यांच्या मनात आलं. मेसेजच्या सुरुवातीला बारीक अक्षरांत काय लिहिलंय, याच्याकडे त्यांची नजर गेली नाही. आकडे आणि ताकीद, एवढंच त्यांना दिसलं.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला आणखी तीन कोड लागोपाठ आले, आणि पाठोपाठ फोन वाजला. पलीकडे बाजाराचा गलका होता. कोणीतरी भाव ओरडत होतं.

"हॅलो, कोन बोलताय?"

"फोन तुम्ही केलाय. तुम्ही कोण?"

"ताई, मी भागीरथी. करावे गावात राहतो आमी. तुमचा ह्यो नंबर हाय ना, तो पयला आमचा होता. माज्या घरवाल्याचा. आता तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आयले असतील बगा. तेवढे सांगाल काय?"

मीनाताईंना हसूच आलं. इतका उघड चोर त्यांनी पाहिला नव्हता. अंगठा आपोआप रेकॉर्डिंगच्या बटणावर गेला.

"का बरं सांगू?"

"पोरीचं ॲडमिशन हाय, ताई. आज शेवटचा दिस. पाच वाजता बंद व्हनार. तो कोड टाकल्याबिगर उघडतच नाय."

आली घाई, मीनाताईंनी मनात खूण केली.

"आणि मी कोड दिला नाही तर?"

"असं नका करू ताई, पाया पडतो तुमच्या. पोरीचं वरीस जाईल."

आली काकुळती.

"हे सगळं कोणी शिकवलं तुला?" त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांनाही कळलं नाही.

"शिकवलं? नाय ताई. मी चोर नाय हाय."

"मी चोर नाय हाय!" मीनाताईंनी तिच्याच सुरात म्हणून दाखवलं. "छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात होते मी. आवाजावरून माणूस ओळखते. लाज नाही वाटत म्हाताऱ्या लोकांना लुबाडायला?"

पलीकडे थोडी खुडबुड झाली आणि एका मुलीचा आवाज आला. मुलगी जपून, एकेक शब्द लावून बोलत होती.

"मॅडम, मी जागृती तांडेल. तुम्हाला जो मेसेज आलाय त्यात वरती लिहिलेलं असेल कशाचा कोड आहे ते. तुम्ही एकदा वाचून बघा ना, प्लीज. तुमचं काहीच नाही जाणार त्यात."

"मला वाचायला तू शिकवणार? आईला रडायला बसवून स्वतः मागे उभी राहतेस? कष्ट करून खा जरा. पुन्हा ह्या नंबरवर फोन आला तर पोलिसांत देईन दोघींना."

त्यांनी फोन ठेवला. रेकॉर्डिंग जपून ठेवलं. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत आणखी दोन कोड आले. मग यायचे थांबले.

बुधवारी शेडखाली पंचवीस-तीस माणसं जमली होती. मीनाताईंनी छोट्या स्पीकरला फोन जोडला आणि ती सव्वातीन मिनिटं सगळ्यांना ऐकवली. 'मी चोर नाय हाय' आलं तेव्हा हशा पिकला. 'कष्ट करून खा'ला टाळ्या पडल्या. आणि बाकाच्या टोकाला बसलेले गुप्तेकाका, चार महिन्यांत पहिल्यांदा, पोट धरून हसले. म्हणाले, "मीनाताई, तुम्ही माझा सूड घेतलात हो!" मीनाताईंना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. घरी जायच्या आधीच त्यांनी ते रेकॉर्डिंग कट्ट्याच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं: ऐका, आणि पुढे पाठवा.

लोकांनी पाठवलं. कट्ट्यावरून सोसायट्यांच्या ग्रुपवर, तिथून नेरूळला, बेलापूरला, भजनी मंडळांच्या ग्रुपवर. दोन दिवसांत ते मीनाताईंकडेच तीन वेगवेगळ्या लोकांकडून परत आलं. कोणी त्याला नाव दिलं होतं, 'चोरणीला झापणारी आजी'. भाजीवाल्याने त्यांचा आवाज ओळखून पाव किलो मिरच्या फुकटच पिशवीत घातल्या.

दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी सकाळी फोन आला.

"मीना टिपणीस का? मी ईश्वरी राऊत. ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. तुमचं ते रेकॉर्डिंग ऐकलं मी."

"हो का? आवडलं?"



"त्यातली मुलगी माझी विद्यार्थिनी आहे," ईश्वरी म्हणाली. "तिने फॉर्म डिसेंबरात भरला तेव्हा वडिलांचा नंबर दिला होता. तो नंबर बंद पडला आणि तुम्हाला मिळाला. पहिल्या फेरीपर्यंत पासवर्डवर चालत होतं, दुसऱ्या फेरीला वेबसाइटने कोड मागायला सुरुवात केली. तिने तीन ईमेल पाठवल्या, हेल्पलाइनला दोन दिवस फोन लावला, कोणी उचलला नाही. म्हणून शेवटी आईने तुम्हाला फोन केला. मुलीचा नंबर लागला होता, मॅडम. मुंबईतल्या सरकारी हॉस्पिटलच्या नर्सिंग कॉलेजमध्ये. फक्त लॉगिन करून सीट स्वीकारायची होती."

"हे बघा," मीनाताई म्हणाल्या, "असं कोणीही फोन करून सांगेल. तुम्ही शिक्षिका आहात कशावरून?"

"तुम्ही मेसेज काढून वाचा," ईश्वरी म्हणाली. "मी कोड मागत नाहीये. आता त्याचा काही उपयोगही नाही." आणि तिने फोन ठेवला.

मीनाताईंनी चष्मा लावला आणि मेसेज उघडले. तेरा होते. प्रत्येकाची पहिली ओळ एकच होती: नर्सिंग प्रवेश प्रक्रिया, लॉगिनसाठी कोड. त्यांनी तेराही वाचले, एखाद्यात तरी बँकेचं, कार्डाचं, कशाचं तरी नाव निघेल म्हणून. निघालं नाही. कोणत्या चोराला नर्सिंगच्या प्रवेशाचा कोड हवा असतो? हा साधा प्रश्न त्यांना त्या दिवशी पडला नव्हता. मुलीने तर विनवून सांगितलं होतं, वाचा म्हणून.

मग दुसरी गोष्ट आठवली आणि त्या खुर्चीत बसल्या. पंढरी तांडेल. बरफवाल्याने नाव सांगितलं होतं, आडनावासकट. मुलीनेही तेच आडनाव सांगितलं होतं. आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला देतात, हे जगात कोणाला ठाऊक नसलं तरी मीना टिपणीसला ठाऊक असायला हवं होतं. एकशे सत्त्याण्णववर असताना दिवसातून दहा वेळा त्यांनी लोकांना सांगितलं होतं, 'हा नंबर आता दुसऱ्या ग्राहकाला दिलेला आहे.' म्हणजे त्यांना कळत नव्हतं असं नाही. भागीरथीने 'हा नंबर आमचा होता' म्हटलं त्या क्षणी आत कुठेतरी बरफवाल्याचा आवाज हललाही होता. त्यांनी तो दाबला होता. रंगात आलेला डाव त्यांना मोडायचा नव्हता.

तीन दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. आधी स्वतःची समजूत घालून झाली. कोड द्यायचा नसतो, आपण दिला नाही, नियमाने वागलो. अनोळखी बाईला फोनवर कोड दिला असता आणि ती खरंच चोर निघाली असती तर? हे सगळं खरंच होतं, आणि त्याने काडीचंही बरं वाटत नव्हतं. रात्रंदिवस एकच वाक्य कानात वाजायचं, आणि ते भागीरथीचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. 'मी चोर नाय हाय!' त्या बाईचं बोलणं आपण वेडावून दाखवलं होतं. कशासाठी? त्याने कोणाचं रक्षण होत होतं?

ग्रुपवरून रेकॉर्डिंग काढायला गेल्या तर ते काढायची मुदत केव्हाच संपलेली. त्यांनी लोकांना लिहिलं, कृपया पुढे पाठवू नका. दोघांनी होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. एकाने विचारलं, का हो, चोरणीने केस केली की काय?

चौथ्या दिवशी सकाळी त्या रिक्षाने करावे गावात गेल्या. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. इतकी वर्षं सीवूड्समध्ये राहून त्या गावात शिरल्या होत्या त्या मासळी घ्यायला, तेही बाजारापर्यंतच. आत बोळ होते, एकाला एक लागून उभी चार-चार मजली घरं, आणि घरांच्या मधून मध्येच एखाद्या कौलारू ओट्यावर वाळत घातलेलं जाळं. एका किराणा दुकानात त्यांनी विचारलं, "पंढरी तांडेल कुठे राहतात हो?"

दुकानातली बाई साखर तोलत होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे नीट बघितलं.

"तुमी त्या कोडवाल्या ना? आवाज वलखला मी."

 मीनाताईंनी फक्त मान हलवली. बाईने तागडीतली साखर पिशवीत ओतली, आणि मग हाताने बोळाचं टोक दाखवलं.

भागीरथी ओट्यावर बसून जवळ्याची बारीक सुकट निवडत होती. चाळिशीची, हाडापेराने मजबूत बाई. मीनाताईंनी नाव सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले, आणि पुन्हा चालू झाले. 'बसा' म्हणाली नाही, 'जा' म्हणाली नाही. मीनाताई उन्हात उभ्या राहिल्या.

"माझ्याकडून फार मोठी चूक झाली," त्या म्हणाल्या. घरी चार वेळा जुळवलेलं बोलणं तेवढ्यातच संपलं.

भागीरथी जवळ्यातला कचरा वेचत राहिली. मग खाली बघतच बोलली. घरवाल्याचा मोबाइल जानेवारीत खाडीत पडला, जाळं ओढताना. सिम मोठ्या दिराच्या, गोटीरामच्या नावावर. सरकारने घेतलेल्या जमिनीबदल्यात जो साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्याच्या वाटणीवरून दोन भावांचं बोलणं बंद. तोच नंबर परत मिळवायचा तर गोटीरामने दुकानात येऊन सही करायला हवी होती. तो आला नाही, पंढरी त्याच्या दारात गेला नाही.

"तवा आमचीबी चूक हाय," भागीरथी म्हणाली. "नंबर सांभालायचा व्हता. पोरगी बोलत व्हती, बाबा, फारमात तोच हाय. आमी ऐकला नाय."

"मी कोड दिला असता तर..."

"कोड नाय दिलात त्याचा राग नाय मना." तिने पहिल्यांदा वर बघितलं. "माजी पोरगीच मना सांगते, आये, कोनाला नंबर देऊ नको. तुमी वलखीच्या नाय, पालखीच्या नाय. तुमी नाय दिलात, बरोबर केलात. पन तुमी माजं बोलनं सगल्यांना ऐकवलंत. मी बाजारात बसतो. गिऱ्हाईक येतं ना बोलतं, मावशी, कोड सांगू काय? हसतात. मी तुमच्या पाया पडतो बोलले ते माजे दीरपन ऐकले. माज्या घरवाल्याने त्या दिसापासून बाजाराकडं तोंड केलं नाय."

मीनाताईंनी विचारलं, "जागृतीला भेटू का?"

भागीरथीने दाराकडे बघून हाक मारली.  दुसऱ्यांदा हाक मारल्यावर मुलीचा आवाज आला, तोच, जपून शब्द लावणारा. "त्यांना सांग, मला काही बोलायचं नाही."

मीनाताई परत आल्या. रडावं असं त्यांना वाटलं, पण रडण्याचाही आपल्याला काही हक्क आहे असं वाटेना. दुपारी ईश्वरीला फोन करून त्यांनी विचारलं, "आता काय करता येईल ते सांगा. मी काहीही करीन."

ईश्वरीने सांगितलं, शेवटची एक फेरी उरली आहे. सरकारी सीट गेली ती गेली, पण अर्जातला नंबर बदलला तर त्या फेरीत बसता येईल. त्यासाठी प्रवेशाच्या कार्यालयात समक्ष जायला हवं, आणि जुना नंबर खरोखरच दुसऱ्याकडे आहे याचा पुरावा द्यायला हवा.

पुरावा म्हणजे मीनाताई. त्यांनी भागीरथीला फोन लावला. त्या शनिवारी तिचा फोन आला होता तोच नंबर, पण या वेळी फोन उलट्या दिशेने जात होता. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

"उद्या सकाळी जागृतीला घेऊन याल का? मी बरोबर येते. सिमची पावती आहे माझ्याकडे, ओळखपत्र आणते, लिहून देते काय हवं ते."

भागीरथी म्हणाली, "ह्ये पन टेप करताय काय?"

"नाही हो," मीनाताई म्हणाल्या. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना पुन्हा सांगावं लागलं. "नाही करत."

दुसऱ्या दिवशी तिघी मुंबईला गेल्या. जागृती पूर्ण वाटभर खिडकीकडे तोंड करून बसली होती. सावळी, उंच, मनगटावर घड्याळ घातलेली मुलगी. कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी अर्ज बघितला, मीनाताईंचं पत्र बघितलं, आणि म्हणाल्या, "म्हणजे हिचे कोड तुमच्याकडे येत होते?"

"हो. तेरा आले."

"मग तुम्ही आधीच का नाही आलात? नंबर बदलायला असंच यावं लागतं."

मीनाताईंना वाटलं, मागे उभी असलेली सगळी रांग ऐकतेय. तरी त्या म्हणाल्या, "मी मेसेज वाचलेच नाहीत. मी ह्यांना चोर समजले. ह्या मुलीने मला वाचा म्हणून सांगितलं होतं."

खिडकीवरच्या बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, जागृतीकडे बघितलं, आणि शिक्का मारला. तरी तेवढ्याने भागलं नाही. प्रतिज्ञापत्र हवं होतं, ते दुसऱ्या दिवशी. वडिलांची सही हवी होती, ती तिसऱ्या. तिन्ही दिवस मीनाताई गेल्या. तिसऱ्या दिवशी पंढरी आला होता. बारीक, काटक माणूस. नमस्कार केला नाही त्याने, पण मीनाताईंच्या हातातली कागदांची पिशवी घेतली आणि परत येईपर्यंत स्वतःच धरली.

शेवटच्या फेरीत जागृतीला कर्जतच्या पुढचं एक खासगी कॉलेज मिळालं. मुंबईतलं सरकारी हॉस्पिटल नाही. घरून जाऊन येण्यासारखं नाही, होस्टेलवर राहावं लागणार, आणि फी सरकारीच्या कितीतरी पट. मीनाताईंनी भागीरथीला भीत भीत विचारलं, फीमध्ये मी काही मदत केली तर?

"नको," ती म्हणाली. "मोठे दीर देतात. आपल्यापायी पोरीचं नुस्कान झायलं बोलले. त्या दिसापासून येतात घरी." मग म्हणाली, "तुमचे घेतले तर पोरगी जायाची नाय."

कट्ट्यावर काय बोलायचं, हे मीनाताईंना बरेच दिवस सुचत नव्हतं. दोन बुधवार त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. तिसऱ्या बुधवारी गेल्या आणि उभ्या राहून सगळं सांगितलं, बरफवाल्याच्या फोनपासून खिडकीवरच्या बाईंपर्यंत. काही गाळलं नाही. वेडावून दाखवलं होतं तेही सांगितलं. 

मग गुप्तेकाका म्हणाले, "पण मीनाताई, कोड दिला नाहीत ते योग्यच केलंत. मी दिला, माझं काय झालं बघा."

"कोड देऊ नयेच, काका. पण मी तिला म्हणू शकले असते ना, की बाई, मी फोनवर देणार नाही, तू मुलीला आणि फॉर्मला घेऊन माझ्या सोसायटीच्या गेटवर ये. दहा मिनिटांत आली असती. तीन तास होते आमच्याकडे."

"असं कोणाला सुचतं ऐन वेळी?" एक बाई म्हणाल्या. बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळे त्यांची समजूत घालत होते, आणि त्या समजुतीचा एकेक शब्द मीनाताईंना टोचत होता. वर्ग सुटल्यावर गुप्तेकाका मागे थांबले. चष्मा पुसत म्हणाले, "मी त्या दिवशी फारच हसलो हो." एवढं बोलून ते घरी गेले.

त्या संध्याकाळी मीनाताईंनी आपल्याच आवाजात दुसरं रेकॉर्डिंग केलं. ती बाई चोर नव्हती, तिने खरं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, कृपया हेही पुढे पाठवा. सगळ्या ग्रुपवर टाकलं. भागीरथीचं नाव घेतलं नाही, स्वतःचं पूर्ण सांगितलं. ते फारसं कुठे गेलं नाही. पहिल्यासारखी गंमत नव्हती त्यात. भाजीवाल्याने ऐकलं होतं की नाही कळायला मार्ग नव्हता. मिरच्यांचे पैसे मात्र मीनाताई आता मोजून त्याच्या हातात ठेवायच्या.

जागृती नोव्हेंबरात होस्टेलला गेली. हे त्यांना ईश्वरीकडून कळलं. करावे बाजारात त्या एकदा गेल्या होत्या. भागीरथीपुढे दोन गिऱ्हाइकं होती. मीनाताई पुढे झाल्या नाहीत, लांबूनच परत फिरल्या. पुढच्या आठवड्यात मात्र गेल्या. भागीरथीने बोंबील तोलून दिले, भाव सांगितला, सुटे परत केले. 'पोरगी बरी आहे ना' असं विचारल्यावर "बरी हाय" म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मीनाताई दर शनिवारी जातात. अजून तेवढंच बोलणं होतं.

ते रेकॉर्डिंग फिरतंच आहे. मार्गशीर्षात नाशिकच्या मावसबहिणीने पाठवलं. खाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे, आणि 'ऐक गं, कसली भारी झापलीय'. आवाज आपल्या मीनाचा आहे हे तिला कळलंच नव्हतं. इतक्या हातांतून गेलेलं, खरखरीत झालं होतं.

मीनाताईंनी उत्तर लिहिलं. 'ती बाई चोर नव्हती. मुलीच्या प्रवेशासाठी कोड मागत होती. तिला बोलणारी बाई मी आहे.'

दोन मिनिटांनी उत्तर आलं. 'अय्या, तू?? काय सांगतेस! मस्तच बोललीस गं!'

मीनाताईंनी फोन मांडीवर ठेवला. मग उचलला, आणि सगळं पहिल्यापासून लिहायला घेतलं.